वर्गात अ‍ॅनिमेशन: नुसते पाहण्यासाठी की शिकण्यासाठी?

पॉवटून, कॅनव्हा यांसारख्या साधनांमुळे कोणताही शिक्षक आज हलती चित्रे तयार करू शकतो. पण त्यातून मुलांना धडा कळतो का?

मानसशास्त्रज्ञ बार्बरा ट्वेर्स्की आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये या विषयावरील संशोधनाचा आढावा घेतला. अ‍ॅनिमेशन स्थिर चित्रापेक्षा आपोआप सरस ठरत नाही, असे त्यांना आढळले. चित्र भराभर सरकले, तर नेमके पाहायचे काय, हेच कळत नाही.

म्हणून साधन निवडताना कसोटी एकच हवी: मुलांना ते थांबवता येते का, त्यात बदल करून पाहता येतो का? नोबेलविजेते कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये सुरू केलेला कोलोरॅडो विद्यापीठाचा मोफत ‘फेट’ प्रकल्प या कसोटीला उतरतो. त्यात विद्यार्थी स्वतः तारा जोडून विद्युत परिपथ पूर्ण करतो आणि दिवा लागतो का, ते पाहतो. यातील अनेक प्रयोग मराठीतही आहेत. ते डाउनलोड करून ठेवले, की वर्गात इंटरनेट नसले तरी अडत नाही.

पडद्यावरचे पात्र नुसता धडाच वाचून दाखवणार असेल, तर शाळेने त्यासाठी वर्गणी का भरावी? ते काम शिक्षक अधिक चांगले करतात.