दोन ग्राफिक्स कार्डांचा पीसी घेताय? पैसे देण्याआधी हे वाचा

स्पष्टच लिहितो. फक्त गेम खेळायसाठी दोन चिपचं किंवा दोन कार्डांचं महागडं ग्राफिक्स घेणं म्हणजे पैसे पाण्यात टाकणं. चंद्रपूर-गडचिरोलीत राहून घेणं म्हणजे तर पाण्यात टाकून वरून वीजबिलही भरणं. ज्यांना पटत नाही त्यांनी आधी पूर्ण पोस्ट वाचावी, मग खाली खुशाल भांडावं.

आताच का लिहितो आहे? बारावीचे निकाल लागले आहेत. तेंदूचे पैसे काही घरांत आलेत, काही घरांत येणार आहेत. "पास झालो तर पीसी घेऊन देईन" असं बापानं वर्षभर आधी कबूल केलेलं असतं, आणि दुकानदारालाही हे दिवस बरोबर माहीत असतात. मी ग्राहकांच्या तक्रारींवर लिहितो म्हणून लोक मला कोटेशनचे फोटो पाठवतात. या मोसमात आलेल्या कोटेशनमध्ये एक शब्द वारंवार दिसतो आहे, 'ड्युअल ग्राफिक्स'.

त्यातलं एक बल्लारपूरच्या वाचकाचं. दुकानाचं नाव लिहीत नाही, मुद्दा दुकानाचा नाही. कोटेशनवर 'आरटीएक्स ३०६०, १२ जीबी, २ नग' असं होतं आणि खाली ठळक अक्षरात 'एकूण २४ जीबी ड्युअल ग्राफिक्स'. मॉनिटर धरून किंमत पावणेदोन लाख. वडील कंत्राटी कामगार. त्यांचा मेसेज होता, "भाऊ, पोट्ट्याले घेऊन द्याचा आहे. बरोबर आहे काय?"

नाही काका, बरोबर नाही. का, ते सगळ्यांसाठीच सांगतो.

एनव्हिडियाच्या ३० मालिकेत दोन कार्डं जोडायची सोय फक्त ३०९० या वरच्या मॉडेलांना होती. ३०६० ला ती नाहीच. म्हणजे पोरगं गेम सुरू करेल तेव्हा एक कार्ड राबेल आणि दुसरं बसून राहील. नुसतं बसणार नाही, पहिल्याच्या पंख्याला चिकटून त्याची हवा अडवेल. त्या रिकाम्या कार्डापायी मोठा मदरबोर्ड आणि मोठा पॉवर सप्लाय घ्यावा लागला, त्याचे पैसे वेगळे.

आणि २४ जीबी? ती कागदावरची बेरीज आहे. दोन कार्डं खरोखर जोडता येत होती तेव्हाही गेमचा तोच माल दोन्हीकडे वेगवेगळा भरावा लागायचा. दोन भावांनी एकच पुस्तक प्रत्येकी एक घेतलं, तर घरात दोन पुस्तकांचं ज्ञान येतं का? २०१२ साली ९९९ डॉलरला आलेल्या जीटीएक्स ६९० या दोन चिपच्या कार्डावर ४ जीबी लिहिलं होतं. गेमच्या वाट्याला येत होते २.

आता कोणी म्हणेल, "कंपन्यांनी इतकी वर्षं दुहेरी कार्डं विकली, ते काय वेडे होते?" वेडे नव्हते. १९९८ मध्ये थ्रीडीएफएक्स कंपनीच्या व्हूडू-२ ची दोन कार्डं जोडता यायची आणि त्या काळात त्याचा फायदाही दिसायचा. पुढे त्या कंपनीची मालमत्ता एनव्हिडियानं घेतली आणि २००४ मध्ये एसएलआय हे नाव परत आणलं. समोरून क्रॉसफायर आलं. या काळात बहुतेक वेळा एक चिप पहिलं चित्र काढायची, दुसरी चिप दुसरं, परत पहिली तिसरं. आकडा वाढायचा, पण चित्रं सारख्या अंतरानं येत नसत. मीटर ६० दाखवायचं आणि डोळ्याला अडखळल्यासारखं वाटायचं.

मग गेमच बदलले. आजचे गेम नवं चित्र काढताना आधीच्या चित्रातला मजकूर वापरतात. दोन मिस्त्री एकाच भिंतीवर लावले, तरी खालचा थर झाल्याशिवाय वरचा कसा रचणार? दुसरा मिस्त्री हात बांधून उभा राहतो, आणि रोजी मात्र दोघांची द्यावी लागते.

हे कंपन्यांनीही मान्य केलं आहे. १ जानेवारी २०२१ पासून एनव्हिडियानं एसएलआयसाठी नव्या गेमची जुळणी करून देणं थांबवलं. आता ज्याला दोन कार्डं चालवायची त्या गेम बनवणाऱ्यानं स्वतः ती सोय करावी, असा नियम. 'अ‍ॅशेस ऑफ द सिंग्युलॅरिटी', 'शॅडो ऑफ द टूम रेडर' अशा मोजक्या गेमनी ती केली, बाकीच्यांनी नाद सोडला. ४० मालिकेच्या गेमिंग कार्डांवर तर जोडणीची खाचच ठेवली नाही.

"महाग घेतलं की जास्त वर्षं टिकतं" हा दुसरा युक्तिवाद. त्याला उत्तर २०१४ सालात आहे. त्या वर्षी एनव्हिडियाचं टायटन झेड आलं. दोन चिप, २,९९९ डॉलर. त्याच कंपनीची टायटन ब्लॅक कार्डं सुटी घेतली तर प्रत्येकी ९९९ डॉलर, दोनाचे दोन हजारही होत नव्हते आणि वेग त्या जोडीचाच जास्त. एका पाटीवर दोन चिप बसवायचे हजार डॉलर! त्याच वर्षी सप्टेंबरात ३२९ डॉलरचं एकेरी जीटीएक्स ९७० आलं आणि दोन वर्षांपूर्वीच्या ९९९ डॉलरच्या ६९० च्या जवळपास पोचलं, तेही निम्म्याहून कमी विजेवर. महाग म्हणजे टिकाऊ, हे सागाच्या पलंगाला लागू होतं. ग्राफिक्स कार्डाला नाही.

आज ही जुनी दुहेरी कार्डं "एकेकाळी लाखाचं होतं, तुम्हाला स्वस्तात देतो" म्हणून फिरतात. त्यांचा आधार संपला आहे. एएमडीनं आर९ २९५एक्स२ च्या पिढीचे ड्रायव्हर जून २०२१ मध्ये थांबवले. एनव्हिडियानं ६९० आणि टायटन झेडच्या पिढीला नव्या गेमसाठीचे ड्रायव्हर त्याच वर्षी देणं बंद केलं. नवा गेम आला की ते कार्ड शोभेची वस्तू.

आता आपल्या जागेचं बोलू. रीलवाल्यांच्या एसी खोलीत बसून चंद्रपूरचा मे महिना कळत नाही. २९५एक्स२ एकटं ५०० वॅट खातं. ती सगळी वीज शेवटी उष्णता होऊन खोलीतच येते. बाहेर ४६ डिग्री, आत कूलर आणि टेबलाखाली ५०० वॅटचा हीटर! त्यात आपल्याकडची कोळशाची बारीक धूळ. दुर्गापूर, घुग्घुस, माजरीच्या लोकांना सांगायला नको. कूलरच्या ओल्या हवेत ती पंख्यावर लेप देऊन बसते. एक कार्ड साफ ठेवता ठेवता जीव जातो, दोन कोण ठेवणार?

हिशोबही करून बघा. ५०० वॅटचं कार्ड आणि १४५ वॅटचं आजचं आरटीएक्स ५०६०, फरक ३५५ वॅट. रोज चार तास खेळलं तर महिन्याला सुमारे ४२ युनिट फक्त कार्डाच्या फरकाचे. महावितरणचा दर टप्प्याटप्प्यानं चढतो, त्यामुळे हे युनिट महागाच्या टप्प्यातच जाऊन बसतात. बाजारात सर्रास मिळणारा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटच झेपवतो. लाईट गेली की मशीन जागेवर बंद. २,९२० मेगावॉटचं वीज केंद्र आपल्या चंद्रपुरात आहे हे खरं, पण पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो आणि एटापल्लीकडे वीज कधी येईल ते सांगता येत नाही, हेही तितकंच खरं.

आणि पोरं खेळतात काय? बहुतेक मोबाईलवर फ्री फायर आणि बीजीएमआय. पीसीवर व्हॅलोरंट, काउंटर-स्ट्राइक, जीटीए. व्हॅलोरंटची किमान गरज म्हणून इंटेलचं जुनं एचडी ४००० लिहिलेलं आहे, म्हणजे वेगळं कार्डसुद्धा नाही. चांगला अनुभव हवा तर मध्यम दर्जाचं एक कार्ड पुरतं.

मी गेमिंगच्या विरोधात नाही, हेही लिहून ठेवतो. ऑगस्ट २०२५ च्या केंद्राच्या कायद्यानं पैसे लावून खेळायच्या ऑनलाईन गेमवर बंदी घातली आणि ई-स्पोर्ट्सला मात्र मान्यता दिली. आपल्या जिल्ह्यातलं पोरगं उद्या त्यात नाव काढेल तर पहिली बातमी मी लिहीन. पण नाव काढायला सराव, चांगलं नेट आणि वेगवान मॉनिटर लागतो. दुसरं रिकामं कार्ड लागत नाही.

दोन कार्डांचा उपयोग कुठंच नाही असंही नाही. ब्लेंडरमध्ये थ्रीडी रेंडरिंग, एआयचं मॉडेल घरच्या मशीनवर चालवणं, इथं दोन कार्डं खरंच राबतात. २०२५ मध्ये मॅक्ससननं इंटेलच्या दोन चिपचं ४८ जीबीचं कार्ड दाखवलं, ते अशाच कामासाठी. काही हौशी लोक घरात पडलेलं जुनं कार्ड 'लॉसलेस स्केलिंग' सारख्या अ‍ॅपला जोडून मधली चित्रं बनवून घेतात. ती हौस, कर्ज काढायची गोष्ट नव्हे. ज्याला रेंडरिंगचं काम आहे त्यानं काम दाखवावं आणि घ्यावं. 'पुढे एआय शिकेल' म्हणून गेमिंगच्या नावाखाली दुप्पट बिल लावू नये.

एक गोष्ट अजून. दोन-दोन ३०६० एवढी सहज येतात कुठून? आपल्याला कोळशाची खाण माहीत आहे, क्रिप्टोचीही 'खाण' असते. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियमनं पद्धत बदलली आणि त्या खाणीत रात्रंदिवस राबलेली कार्डं जगभर जुन्या बाजारात उतरली. जुनं विकणं गुन्हा नाही. जुनं नवं म्हणून विकणं मात्र ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार अनुचित व्यापार प्रथा आहे. बिल न देणं हीसुद्धा तीच.

म्हणून मागण्या साध्या आहेत.

दुकानदार भावांनो, बिलावर प्रत्येक कार्डाचं मॉडेल, सिरीयल नंबर, नवं की जुनं आणि मेमरी वेगवेगळी लिहा. आपल्याकडे प्रामाणिक दुकानदार आणि हातात कला असलेले दुरुस्तीवाले पोट्टे भरपूर आहेत. चार जणांच्या लबाडीनं त्यांचाही धंदा नागपूरला चालला आहे.

अभियांत्रिकी महाविद्यालयांनो आणि गोंडवाना विद्यापीठा, प्रवेशाच्या दिवसांत एक शनिवार मोफत सल्ल्याचं टेबल लावा. पालक कोटेशन घेऊन येतील, तुमचे विद्यार्थी वाचून सांगतील. याला ना टेंडर लागतं ना मंत्री.

आणि पालकांनो, दुकानात एकच प्रश्न विचारा: "माझं पोरगं खेळतो त्या गेममध्ये दुसरं कार्ड चालताना इथंच दाखवा." एक कार्ड काढून तोच गेम परत चालवायला लावा. फरक दिसला नाही तर उठून या. 'बिल नको, १८ टक्के वाचतील' म्हणाला तरीही उठून या. फसलाच असाल तर १९१५ वर फोन करा. जिल्हा ग्राहक आयोग चंद्रपुरातही आहे, गडचिरोलीतही. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी नाही, मुदत दोन वर्षं.

त्या पावणेदोन लाखात एका चांगल्या कार्डाचा पीसी येतो आणि पोरीच्या होस्टेलचे पैसेही सुटतात. काका, हे तुम्हाला दुकानदार सांगणार नाही, म्हणून मी सांगतो आहे.

कोणाकडे असं कोटेशन आलं असेल तर नाव आणि नंबर झाकून खाली टाका. आपल्यातले जाणकार बघून सांगतील. पण पैसे देण्याआधी टाका, राजेहो. नंतर नाही.