वीजफलकावरील सूचनेची पाटी कोणासाठी?

घरातील मेन बोर्डावर किंवा विहिरीवरील स्टार्टरच्या पेटीवर धोक्याची पाटी लावावी, असे सुचविताच अनेक शेतकरी हसून विषय टाळतात. ‘विजेला हात लावू नये हे लेकराबाळांनाही कळते, त्यासाठी पाटी कशाला?’ असा त्यांचा प्रश्न असतो. रोज दिसणाऱ्या पाटीकडे पुढे कोणी पाहत नाही, हेही खरे आहे. तथापि एवढ्यावरून पाटी निरुपयोगी ठरत नाही.

या बाबतीत कायद्याने एक मर्यादा आखली आहे. भारतीय विद्युत नियम, १९५६ मधील नियम ३५ अन्वये मध्यम व त्यावरील दाबाच्या मांडणीवर, जिल्ह्याच्या स्थानिक भाषेसह, कवटी व हाडांचे चिन्ह असलेली धोकासूचना कायमची लावणे मालकावर बंधनकारक करण्यात आले. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या विनियमांनीही २५० व्होल्टपेक्षा अधिक दाबासाठी तीच अट घातली. घरातील वीज साधारण २३० व्होल्टची असल्यामुळे ती या अटीबाहेर राहते. शेतपंपाची थ्री फेज वीज मात्र सुमारे ४१५ व्होल्टची असल्यामुळे ती या अटीत येते. म्हणजे शेतातील पेटीपुरता हा प्रश्न मर्जीचा नाही.

शेतातील पेटीवर केवळ कवटीचे चित्र पुरेसे नाही. पुष्कळ पेट्यांना ऑटो स्विच जोडलेला असतो. वीज गेलेली असताना सालदार पाइप जोडावयास बसतो, आणि वीज येताच मोटार आपोआप सुरू होते. वीज बंद केल्यानंतरही कपॅसिटरमध्ये काही काळ विद्युतभार शिल्लक राहू शकतो. पेटीचा मालक हे जाणतो. नवा सालदार किंवा मदतीस आलेला शेजारी जाणत नाही. ‘मोटार आपोआप सुरू होते, आधी मेन स्विच बंद करा’ एवढे ठळक मराठीत लिहिलेले असल्यास त्याचा जीव वाचू शकतो. पाटी जाणत्यासाठी नसते, नवख्यासाठी असते.

घराच्या बाबतीतही हाच न्याय लागू पडतो. वऱ्हाडात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो आणि लोखंडी कूलर दिवसरात्र चालतो. ओल्या जमिनीवर उभे राहून कूलरमध्ये पाणी भरताना शॉक बसला, तर घरच्यांनी क्षणार्धात योग्य स्विच बंद केला पाहिजे. पाच-सात सारख्या दिसणाऱ्या स्विचांतून तो पाहुण्याने किंवा मुलाने कसा ओळखावा? म्हणून घरात कवटीच्या चित्रापेक्षा ‘मेन येथे बंद होते’, ‘कूलर’, ‘पाण्याची मोटार’ अशी नावे आणि ‘शॉक बसलेल्या माणसास वीज बंद केल्याशिवाय स्पर्श करू नका’ ही सूचना अधिक उपयोगी आहे.

परंतु पाटी लावली म्हणजे कर्तव्य संपले, असे मानणे घातक ठरेल. भातकुली परिसरातील खारपाणपट्ट्याची काळी चिकण जमीन उन्हाळ्यात भेगाळते. अर्थिंगचा खड्डा कोरडा पडला की अर्थिंग दुर्बल होते, आणि जमिनीतील क्षार लोखंड लवकर खातात. खड्ड्यात वेळोवेळी पाणी घालणे व जोडणीची तपासणी करून घेणे अगत्याचे आहे. साधा फ्यूज माणसाला वाचवीत नाही, कारण प्राणघातक प्रवाह फ्यूज वितळण्यास लागणाऱ्या प्रवाहाहून फारच कमी असतो. त्यासाठी ३० मिलिअँपिअर गळतीवर वीज तोडणारे उपकरण परवानाधारक तारतंत्र्याकडून बसवून घ्यावे. ज्या घरात अर्थिंगच नाही, तेथे पहिला खर्च पाटीवर नव्हे, अर्थिंगवर व्हावा.

एवढी व्यवस्था झाल्यावर मात्र पाटीस उशीर लावू नये. तिला डबाभर रंग आणि तासाभराची मेहनत पुरते. ग्रामस्तरावरील कार्यकर्त्यांनी कूलर बाहेर निघण्यापूर्वी आणि मृगाच्या पावसापूर्वी अशा वर्षातून दोन वेळा गावातील पेट्या व बोर्ड पाहून, सुवाच्य अक्षर असलेल्या शाळकरी मुलांकडून घरोघरच्या पाट्या कागदावर लिहवून घ्याव्यात. त्या बोर्डाशेजारी भिंतीवर मोठ्यांनी चिकटवाव्यात. जे मूल स्वतः पाटी लिहील, ते प्रसंगी कोणता स्विच बंद करावयाचा हे विसरणार नाही.