केबल आली, मराठी मागे राहिली

संगमनेर-श्रीरामपूरच्या गल्ल्यांतून केबलच्या तारा लोंबू लागल्या, त्या दिवसांविषयी हल्ली मोठ्या हळवेपणाने बोलले जाते. त्या तारांतून मराठी किती आली, हे मात्र कोणी विचारत नाही. तमिळांची ‘सन टीव्ही’ आणि मल्याळींची ‘एशियानेट’ 1993 मध्येच सुरू झाली. मुंबईची ‘झी’ 1992 ची, पण हिंदी. तिची ‘अल्फा मराठी’ यायला 1999 उजाडले! भांडवल नव्हते म्हणावे, तर याच अहिल्यानगर जिल्ह्यात प्रवरेकाठच्या शेतकऱ्यांनी भाग गोळा करून 1950 च्या सुमारास सहकारी साखर कारखाना उभा केला होता. उसासाठी एकवटलेला समाज भाषेसाठी का एकवटला नाही? केबलचालकाला दोष देण्यात अर्थ नाही. मराठी वाहिनी नाही म्हणून कोणी वर्गणी थांबवल्याचे ऐकिवात नाही.