पहिला ‘नको’ खरा धरू नका

प्रति,
मुंबईहून अमेरिका-युरोपकडे विमानं नेणाऱ्या सर्व कंपन्यांचे खानपान व केबिन सेवा प्रमुख

महोदय,


बिझनेस क्लासच्या प्रवाशांना तक्रार करता येते आणि ती ऐकलीही जाते, त्यामुळे त्यांची वकिली करायला मी बसलेलो नाही. मी लिहितोय ते इकॉनॉमीत मागच्या रांगांत बसलेल्या, साठी-सत्तरीतल्या जोडप्याविषयी. लेकीच्या बाळंतपणाला किंवा नातवंडं सांभाळायला ते संगमनेर, राहाता, श्रीरामपूरकडून निघालेलं असतं. लोणी, कोपरगाव, संगमनेरच्या इंजिनिअरिंग कॉलेजांतून शिकलेली पोरं आज न्यू जर्सीत आणि म्युनिकला आहेत, आणि त्यांचे आईबाप ही तुमची पक्की गिऱ्हाइकं आहेत.

शिर्डीचं विमानतळ काकडीला १ ऑक्टोबर २०१७ रोजी सुरू झालं, पण अमेरिकेला जायचं तर मुंबईच गाठावी लागते. म्हणजे दुपारी घरी दोन घास खाऊन निघायचं, घाट उतरायचा, टर्मिनलवर तीन-चार तास आधी पोचायचं आणि मध्यरात्रीनंतरच्या विमानात बसायचं. तुमची पहिली ट्रॉली त्यांच्यापर्यंत येते तेव्हा घरच्या जेवणाला बारा तास होऊन गेलेले असतात. पिशवीत दशम्या आणि शेंगदाण्याची कोरडी चटणी असते. तेलातलं लोणचं सुरक्षा तपासणीतच राहिलेलं असतं. आणि शेजारी अनोळखी माणूस बसलेला असताना डबा उघडायचा संकोच वाटतो, तो वेगळाच.

मग ट्रॉली येते. “चिकन ऑर पास्ता?” प्रश्न एका दमात, इंग्रजीत. आजी आजोबांकडे बघतात आणि म्हणतात, “नको.” ट्रॉली पुढे.

आमच्याकडे पहिला ‘नको’ हा नकार नसतो. पंगतीत वाढणारा जिलबीचं ताट घेऊन आला की हात आडवा करायचा, त्याने आग्रह करायचा आणि मग एक घ्यायची, ही रीत. तुमच्या कर्मचाऱ्याला ती कशी माहीत असणार? भारतीय नियमाप्रमाणे पन्नास आसनांमागे किमान एक केबिन क्रू असतो, आणि त्याचं पहिलं काम सुरक्षेचं, हे मला मान्य आहे. पण दुसऱ्यांदा विचारायला किती वेळ लागतो? ताट समोर ठेवून झाकण उघडून दाखवलं तरी निम्मा प्रश्न सुटतो.

आता आधी नोंदवायच्या जेवणाचं. बहुतेक कंपन्यांत ते निदान २४ तास आधी सांगावं लागतं. हे काम परदेशातला मुलगा मोबाइलवर करतो. यादीत ‘हिंदू मील’ दिसलं की आपल्या माणसाला वाटतं, हेच आपलं. त्यात गोमांस नसतं एवढीच हमी; कोंबडी, मटण, मासे, अंडी असू शकतात. भारतीय पद्धतीचं शाकाहारी जेवण हवं असेल तर ‘एशियन व्हेजिटेरियन’, म्हणजे एव्हीएमएल, निवडायचं असतं. माझ्या ओळखीचे एक गृहस्थ नेवाशाचे, गळ्यात तुळशीची माळ, पंढरीची वारी न चुकवणारे. त्यांच्यासमोर रश्शातलं चिकन आलं. त्यांनी झाकण परत लावलं, ताट बाजूला सरकवलं आणि पुढचे कित्येक तास पाण्यावर काढले. तक्रार केली नाही. कुणाला दोष द्यायचा तेच त्यांना कळलं नाही. आम्ही कंपनीला विचारलं तर उत्तर आलं की मागवलं तेच दिलं. उत्तर खरं होतं, पण निवडीच्या त्या पानावर ‘हे शाकाहारी नाही’ एवढी एक ओळ का नसावी?

आणखी एक गंमत पाहा. खास जेवण आसन क्रमांकावर येतं. कुणी तरुण जोडपं गोड बोलून “अंकल, जरा जागा बदलता का?” म्हणतं, आजोबा उठतात, आणि त्यांचं मधुमेहाचं ताट त्या तरुणाच्या पुढ्यात जातं. मधुमेहाचाच विषय निघाला म्हणून सांगतो: गोळी किंवा इन्सुलिन जेवणाशी बांधलेलं असतं. पहिलं जेवण कधी, दुसरं किती तासांनी, हे उड्डाणानंतर एकदा सांगा. दिवे मालवल्यावर मधल्या लांबच लांब काळात मागे गॅलीत सँडविच आणि पाणी मिळतं. ते मागायचं असतं, हे कुणी सांगतच नाही. गुडघे दुखतात म्हणून उठायला नको, उठायला नको म्हणून पाणीही नको, अशी आमच्या बायकांची रीत. विमानातली हवा जमिनीवरच्यापेक्षा कितीतरी कोरडी असते. पाण्याचा तो चिमुकला पेला दर तासा-दीड तासाने फिरवलात तर उपकार होतील.

चवीचंही बोलतो. भाकरी द्या असं मी म्हणणार नाही. जमिनीवर शिजवून, थंड करून, वर ओव्हनमध्ये तापवलेली भाकरी म्हणजे चामडं होईल. पण जर्मनीच्या फ्राउनहोफर संस्थेने लुफ्थान्सासाठी केलेल्या चाचण्यांत दिसलं की विमानातल्या कमी दाबात मीठ आणि साखर बरीच कमी जाणवतात. आंबट, तिखटाला फारसा फरक पडत नाही. मग ते गुळमट, मवाळ पनीर कशासाठी? चिंचगुळाची आमटी-भात, मेतकूट, लसणाची कोरडी चटणी, थालीपीठ: तापवून टिकणारं आणि वरही चव लागणारं हेच आहे. कडक थंड पावाऐवजी यातलं काही मुंबईच्या स्वयंपाकघरातून चढवायला अडचण नसावी.

आणि ताटातलं फळ. आमची माणसं अन्न टाकत नाहीत. सफरचंद नातवासाठी पिशवीत जातं. २०१८ साली पॅरिसहून अमेरिकेत उतरलेल्या एका महिलेला विमानातच मिळालेल्या सफरचंदापायी ५०० डॉलर दंड झाला होता. फळ देताना ‘हे इथेच खा, बाहेर नेऊ नका’ हे मराठीत छापलेली चिठ्ठी ठेवायला तुम्हाला काय खर्च येतो?

अशी माणसं ओळखायची कशी, असं तुम्ही विचाराल. ती तुमच्या व्हीलचेअरच्या यादीत आहेत. व्हीलचेअर मागणाऱ्यांत धडधाकट पायांचे पुष्कळ असतात. त्यांना चाकांपेक्षा सोबत हवी असते, कारण इंग्रजी येत नाही आणि मोठ्या विमानतळाची धास्ती वाटते. पण व्हीलचेअरची नोंद विमानाच्या दारापाशी संपते. तीच आत क्रूच्या हाती द्या: अमुक आसनावर वयस्कर, मराठी बोलणारे, पहिलाच प्रवास. मुंबईहून सुटणाऱ्या विमानात मराठी बोलणारा एक तरी कर्मचारी ठेवा. नसेल तर जेवणाची चित्रं असलेलं मराठी कार्ड ठेवा.

हे जमणारं नाही असं म्हणू नका. जुलै २०१८ मध्ये एमिरेट्सने ‘हिंदू मील’ बंद करत असल्याचं जाहीर केलं आणि प्रवाशांनी ओरड करताच ते लगेच पुन्हा सुरू केलं. आमची म्हातारी माणसं ओरड करत नाहीत, म्हणून त्यांच्या वतीने हे पत्र. उत्तर खासगीत नको, जाहीर द्या. आणि दिवाळीनंतर जाणाऱ्यांची गर्दी सुरू होण्याआधी द्या.

कळावे.
आपला,
संगमनेरचा एक प्रवासी