माळवदातले खिळे
लातूर जिल्ह्यातल्या चाकूर परिसरातल्या जुन्या माळवदाच्या (मातीच्या सपाट छताच्या) घरांतला खिळा बहुधा लोहाराने घडवलेला: अंगाने चौकोनी, टोकाकडे निमुळता, डोके ओबडधोबड. तारेचा गोल खिळा मागाहून आला. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात दगडमातीच्या भिंती अन् माळवदाचा भार जीवघेणा ठरला. अशा घरांतले सागवान मात्र अजून मोलाचे. जुनी तुळई करवतीखाली घालण्याआधी तिच्यावरून मेटल डिटेक्टर फिरवावा, कारण आत दडलेला एकच खिळा पात्याचे दात मोडतो. (चुंबकाला वरवरचेच खिळे कळतात.) गंजाने लाकूड धरून ठेवलेले असते, म्हणून खिळा आधी किंचित आत ठोकून पकड सोडवावी, मग उपसावा. रॉकेलात भिजवून ऐरणीवर सरळ केलेला खिळा फळीला, चौकटीला चालतो. खवले सुटलेला भंगारातच बरा.