विजेच्या फाटकावरचा पहारेकरी

आमच्या जठारपेठेतल्या घरांत इन्व्हर्टर दिसतात, त्यांच्या पोटात बहुधा ‘मॉसफेट’ असतात. हा चिमुकला ट्रान्झिस्टर म्हणजे विजेच्या फाटकावरचा पहारेकरीच! कित्येक अँपिअर प्रवाह अडवतो, सोडतो. त्याचे ‘गेट’ मात्र मोठे नाजूक. साधारण २० व्होल्टांपलीकडे सोसत नाही. आणि वऱ्हाडच्या कोरड्या थंडीत स्वेटर काढताना होणारी तडतड असते हजारो व्होल्टांची! म्हणून जाणता कारागीर वीज तोडून, मनगटाला अर्थिंगचा पट्टा बांधून सुटा मॉसफेट हाताळतो; त्याच्या पायांना बोट लावत नाही; गेट अधांतरी न ठेवता रेझिस्टरने सोर्सशी जोडतो. एवढी कटकट कशाला? कारण बिघडलेला मॉसफेट पुष्कळदा शॉर्ट होतो. पहारेकरी मरतो, तो फाटक उघडे टाकूनच!