एका दिवसात दिसलेला खेळाडू

एखाद्या फुटबॉल क्लबचा स्काउट आसेगावात कशाला येईल? वाशिम जिल्ह्याच्या मंगरूळपीर तालुक्यातल्या या गावात त्याला बघण्यासारखा सामना हवा. तो नसेल, तर मुलानेच निवड चाचणीला शहर गाठायचं. एका दिवसाची मजुरी बुडवून बाप सोबत जातो, दोन-तीनशे मुलांच्या रांगेत नंबर लागतो आणि वीस मिनिटांत निकाल.

या चाचण्यांवर टीका करणं सोपं आहे. तरी त्यांच्या बाजूने एक गोष्ट कबूल करावी लागते: वशिला, ओळख, नावाजलेली शाळा यांपैकी काही नसलेल्यालाही तिथे दार उघडं असतं. राज्य सरकार आणि बायर्न म्युनिक यांनी 2023 मध्ये 14 वर्षांखालील मुलांची स्पर्धा जिल्ह्यांपासून घेतली आणि 20 मुलं म्युनिकला पाठवायचं ठरवलं. वाशिमच्या मुलाचं नाव तिथवर पोचण्याची शक्यता त्यामुळे निदान कागदावर तरी आली.

पण वीस मिनिटांत दिसतं काय? उंची आणि धाव. वयोगटाची मोजणी 1 जानेवारीपासून होते, म्हणून जानेवारीत जन्मलेला मुलगा डिसेंबरातल्यापेक्षा अकरा महिन्यांनी थोराड असतो; आणि त्या वयात थोराडपणालाच गुणवत्ता समजलं जातं. चेंडू येण्याआधी मान वळवून पाहणारं पोर ओळखायला सहा-सात सामने लागतात.

कोल्हापुरात ते काम पेठाच करतात. शाहू स्टेडियमवर तालमींच्या फुटबॉल संघांचे सामने पाहणाऱ्यांना कुठल्या गल्लीतलं पोर डाव्या पायाने खेळतं हे ठाऊक असतं. तिथला रिक्षाचालकाचा मुलगा अनिकेत जाधव पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत घडला आणि 2017 च्या 17 वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. प्रबोधिनीने त्याला घडवलं, हे खरंच. पण मुळात तो फुटबॉलच्या गावात वाढला होता.

आमचा कौल म्हणूनच चाचणीच्या विरोधात नाही, क्रमाच्या बाबतीत आहे: आधी सामने, मग चाचणी. सुब्रतो चषकासारख्या शालेय स्पर्धांच्या खालच्या फेऱ्या बहुधा बाद पद्धतीच्या. गोलरक्षक कच्चा असलेल्या शाळेतला उत्तम आघाडीपटू पहिलाच सामना हरतो आणि त्याचा मोसम तासाभरात आटोपतो. तालुक्यातल्या सहा शाळांनी साखळी पद्धतीने खेळायचं ठरवलं, तर प्रत्येक मुलाला पाच सामने मिळतील. खर्च चुना, शिट्टी आणि एसटीच्या तिकिटांचा.

क्लबांचीही अडचण आहे. मूल घडवायचं आपण, न्यायचं दुसऱ्याने, ही भीती खोटी नव्हे. खेळाडू परदेशी क्लबकडे विकला गेला, तर 12 ते 23 या वयात त्याला घडवणाऱ्या क्लबांना रकमेतला 5 टक्क्यांपर्यंत वाटा देण्याचा फिफाचा नियम आहे. तो नोंदणीकृत क्लबांसाठी. ज्या क्रीडाशिक्षकाने पहिला चेंडू स्वतःच्या खिशातून आणला, त्याच्यासाठी नाही. निदान निवडपत्रावर त्याच्या शाळेचं नाव छापायला तर पैसे लागत नाहीत.